हातांनीं पाहावयाचें संग्रहालय

लहान मुलांस बरोबर घेऊन पदार्थसंग्रहालय पाहावयास गेलेल्या पालकांस एक अनुभव खचित आला असेल. दारांतून आंत शिरतांच मुलाचा हात पुढें जातो आणि त्याच क्षणीं मागून शब्द येतात, "हात लावूं नकोस!" मग तें मूल काचेला नाक लावीत एका कपाटापासून दुसऱ्या कपाटाकडे फिरतें, पांच-सात दालनें ओलांडतें, आणि बाहेर आल्यावर काय पाहिलेंस म्हणून विचारलें असतां "मोठा वाघ" एवढेंच उत्तर देतें. कित्येक शतकांचा ठेवा पाहून आलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखें एवढेंच असावें, यांत दोष मुलाचा नाहीं. त्या वयांत डोळा आणि हात हे एकमेकांचे सोबती असतात. जी वस्तु हातीं आली नाहीं ती पुरती पाहिली असें मुलास वाटतच नाहीं.

याकरितां आज जगांतील पुष्कळ संग्रहालयांनीं प्राथमिक शाळेंतील मुलांसाठीं निराळे कार्यक्रम योजिले आहेत. मुलांनीं वस्तु हातांत घ्यावी, फिरवून पाहावी, तिचा उपयोग करून पाहावा आणि मग तिजविषयीं बोलावें, अशी त्यांत व्यवस्था असते. हे कार्यक्रम कसे चालतात, आणि आपल्या अमरावती-अकोल्याकडील मुलांस त्यांचा लाभ कसा घेतां येईल, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम काचेची बाजू ऐकून घेणें न्यायाचें होईल. आपल्या तळहातास घाम येतो व घामांत क्षार असतात. शिवाय कातडीचा तेलकटपणा असतोच. बोटांचे डाग जुन्या तांब्याच्या नाण्यावर राहिले तर कालांतरानें तेथें गंज धरतो. जुन्या कापडावरून रोज शेंकडों हात फिरूं लागले तर त्याचे धागे सुटावयास वेळ लागत नाहीं. तेव्हां जी वस्तु एकच आहे व पुन्हां मिळावयाची नाहीं, ती काचेआड ठेवणें हेंच योग्य होय. यावर जाणत्या संग्रहालयांनीं तोड काढली आहे ती अशी, कीं संग्रहाचे दोन भाग करावयाचे: एक जपण्याचा व दुसरा हाताळण्याचा. दुसऱ्या भागांत पुष्कळ संख्येनें मिळणाऱ्या वस्तु, साधीं अवजारें, दगड, बियाणें आणि मौल्यवान वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृति असतात. त्या झिजल्या तर दुसऱ्या आणतां येतात. मुलांचा कार्यक्रम या दुसऱ्या भागावर चालतो.

आपल्या वऱ्हाडास जवळचें असें जुनें व मोठें संग्रहालय म्हणजे नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय. लोक त्यास 'अजब बंगला' म्हणतात. तें १८६३ सालीं स्थापन झालें. त्याच सालीं नागपूरच्या एका शिक्षकाचा अंत झाला. त्यांची हकीकत आमच्या विषयास फार जवळची आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडांतून नागपुरास आलेले मिशनरी. १८४६ सालीं त्यांनीं तेथें शाळा काढली. पुढें १८८३ सालीं निघालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें आहे. शाळेच्या कामांतून सवड काढून ते आसपासच्या टेकड्यांतून दगड पाहात हिंडत. हिंडतां हिंडतां त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें गोड्या पाण्यांतील शंखांचे पाषाणरूप अवशेष सांपडले. काळा दगड हा तर भूगर्भांतून वर आलेल्या तप्त रसाचा, म्हणजे लाव्ह्याचा. मग त्याच्या पोटांत तळ्यांतील शंख कसे? याचा उलगडा असा, कीं लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें पुष्कळ काळ लोटला. त्या काळांत तळीं साचलीं व त्यांत जीव वाढले. नागपूरच्या भूस्तरांवरील या दोघांचा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रविषयक पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील पुरातन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत सांपडून हिस्लॉप बुडाले.

ही हकीकत येथें देण्याचें कारण उघड आहे. संग्रहालयांतील प्रत्येक वस्तु प्रथम कोणाच्या तरी हातांत आलेली असते. त्यानें ती उचलली, पुसली, उलटसुलट करून पाहिली, "हें येथें कसें?" असें स्वतःस विचारलें, आणि मग ती कपाटांत गेली. ज्ञान हाताकडून कपाटाकडे गेलें. आपण मुलांना मात्र एकदम कपाटापाशीं नेऊन उभें करतों. ज्या वाटेनें जाणते लोक शहाणे झाले, त्या वाटेचीं पहिलीं चार पावलें मुलांसहि चालूं द्यावीं, एवढाच या नव्या कार्यक्रमांचा हेतु आहे.

मुलांसाठीं म्हणून काढलेलें जगांतील पहिलें संग्रहालय अमेरिकेंत ब्रूकलिन येथें १८९९ सालीं उघडलें. त्यानंतर बोस्टन येथें १९१३ सालीं तसेंच संग्रहालय निघालें, आणि १९६० नंतरच्या दशकांत त्याच्या चालकांनीं वस्तु काचेंतून बाहेर काढून मुलांच्या हातीं देण्याचा धडाका लावला. आपल्या देशांत १९६५ सालीं कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयानें प्रयोगांनीं भरलेली मोटार शाळांकडे पाठविण्यास आरंभ केला. १९९२ सालीं नागपुरास रामन विज्ञान केंद्र उघडलें. तेथें मुलांनीं स्वतः कळ दाबावी, चाक फिरवावें व काय होतें तें पाहावें अशी योजना आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ सालीं मोटारींतून फिरतें संग्रहालय सुरू केलें आणि २०१९ सालीं आपल्या आवारांत मुलांचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें.

परंतु हा विचार परक्यांकडूनच आला असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या शेजारीं वर्ध्यास ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें गेलें. चरखे, खादी व ग्रामोद्योगांचीं साधनें यांचा तो संग्रह होय. हातानें काम करतां करतां शिकावें, या पायावर उभ्या असलेल्या नव्या शिक्षणाची चर्चाहि वर्ध्यासच १९३७ सालीं झाली होती. तसेंच, लग्नानंतर कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालापासून बोर्डी येथें व पुढें कोसबाड येथें जें बालशिक्षणाचें कार्य केलें, त्यांत खडे, शिंपले, बिया, पानें हींच मुलांचीं शिकण्याचीं साधनें होतीं. महागडीं यंत्रें असल्यावांचून हें शिक्षण होत नाहीं, ही समजूत त्यांच्या उदाहरणानें दूर व्हावी.

आतां असा कार्यक्रम चालतो कसा, तें पाहूं. एका वेळीं मुलें थोडीं घ्यावयाचीं, दहा-बारांहून अधिक नाहींत. आणि वस्तुहि पांच-सहाच. मुलें हात धुवून सतरंजीवर गोल बसतात, कारण जमिनीपासून वीतभर उंचीवरून निसटलेली वस्तु सहसा फुटत नाहीं. शिक्षक पहिली वस्तु मुलाच्या हातीं देतो, पण तिचें नांव सांगत नाहीं. हाच या पद्धतीचा कणा होय. नांव एकदां कळलें कीं मूल पाहणें सोडतें व नांव पाठ करूं लागतें. म्हणून आधीं प्रश्न विचारावयाचे. ही जड कीं हलकी? कशाची केली आहे? कोठें झिजली आहे? त्या जागीं हात घांसत असेल, कीं दोरी, कीं दगड? आणि मुलानें कांहींहि उत्तर दिलें कीं पुढचा प्रश्न ठरलेलाच: "कशावरून म्हणतोस?" यानंतर वस्तु वापरून तर्काचा पडताळा घ्यावयाचा, मग तिचें नांव सांगावयाचें, आणि शेवटीं प्रत्येकानें तिचें चित्र काढून खालीं दोन ओळी लिहावयाच्या. साऱ्यास पाऊण तास पुरतो. एखाद्या प्रश्नाचें उत्तर शिक्षकास ठाऊक नसेल तर त्यानें तसें सांगून "आपण शोधूं या" असें म्हणावें. त्यानें त्याची पत कमी होत नाहीं, उलट शोध कसा घ्यावा हें मुलांस प्रत्यक्ष दिसतें.

आपल्या वऱ्हाडांत असा कार्यक्रम योजावयाचा तर आरंभ कापसापासून करावा. पहिल्या जागीं बोंडांसह वाळलेली पऱ्हाटी ठेवावी. दुसऱ्या जागीं प्रत्येक मुलास मूठभर कापूस देऊन बोटांनीं सरकी काढावयास सांगावें. रुई सरकीला किती घट्ट धरून असते हें त्या बोटांस लगेच कळतें. तिसऱ्या जागीं सरकी काढण्याची लाकडी चरकी असावी. तिच्या दोन लाटा उलट दिशांनीं फिरतात. त्यांच्या फटींतून रुई पलीकडे जाते आणि जाड सरकी अलीकडे गळून पडते. स्वतः सरकी वेंचून कंटाळलेल्या मुलास यंत्र म्हणजे काय, हें येथें व्याख्येवांचून समजतें. चौथ्या जागीं तराजू. आधीं कापूस तोलावा, मग निघालेली रुई तोलावी. ती कापसाच्या सुमारें एकतृतीयांश भरते. अपूर्णांकाचा हा धडा शेतकऱ्याच्या मुलास सहसा विसरत नाहीं. पांचव्या जागीं पेळू व टकळी. नुसते तंतु ओढले तर सुटतात, त्यांना पीळ दिला तर तेच तंतु ओढ सहन करतात, हें मूल आपल्या हातांनीं अनुभवतें. मग ज्या सदऱ्याची बाही त्यानें एवढा वेळ वर सारली होती, तिच्याकडे तें निराळ्या नजरेनें पाहूं लागतें.

कापसावरून इतिहासाकडे जाण्याची वाटहि फार लांब नाहीं. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला मोठी मागणी आली. त्या दशकांत आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि १८७० सालीं खामगांवच्या कापसाच्या बाजारासाठीं रेल्वेचा फांटा उघडला गेला. हातांत बोंड धरलेल्या मुलास हीं सालें सांगितलीं तर तीं त्याला आपल्या शिवाराचीं वाटतात.

दुसरा पाठ पाण्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे, हें आमचे वाचक जाणतातच. कित्येकांच्या विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. मुलांनीं आपापल्या गांवचें पाणी बाटल्यांत भरून आणावें. काळ्या बश्यांत प्रत्येकाचें सारखें पाणी मोजून घालावें व उन्हांत ठेवावें. पाणी सुकल्यावर कोणत्या बशींत किती पांढरा थर राहिला तें ताडून पाहावें आणि भिंतीवरील नकाशांत त्या त्या गांवीं खूण करावी. पांच-पंचवीस खुणा झाल्या कीं खाऱ्या पट्ट्याची आकृति आपोआप उमटूं लागते. हा नकाशा मुलांनीं स्वतः काढलेला असतो.

तिसरा पाठ मापांचा. घरोघरीं माळ्यावर पितळी शेर, लांकडी पायली अद्याप पडून आहेत. मुलांनीं त्यांत ज्वारी मापावी, तोलावी व निरनिराळ्या गांवच्या मापांची तुलना करावी. मापें सारखीं भरत नाहींत असें आढळलें, तर १९५६ सालीं सर्व देशास एकच मेट्रिक पद्धति लागू करण्याचा कायदा कां झाला, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसाहि असाच बोलका आहे. महायुद्धांत धातूची टंचाई होती म्हणून मधला भाग वगळला, हें कळल्यावर मूल त्या भोकांतून दूरचें युद्ध पाहतें.

आतां आमच्या एका वर्गांत घडलेली गोष्ट सांगतों. जुनी वस्तु घरून आणण्याचा दिवस होता. एका मुलानें वाटीच्या आकाराचें लांकडी पात्र आणलें. त्याच्या बुडाशीं तीन भोकें होतीं. कोणी म्हणालें, ही फुटकी वाटी; कोणी म्हणालें, देवावर पाणी धरण्याचें भांडें; एका मुलीनें तें खेळण्यांतील चूल ठरविलें. "कशावरून?" या प्रश्नानें एकेक तर्क मागें पडत गेला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें ओळखतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे आजोबा काठी टेकीत शाळेंत आले. तें तिफणीवरचें चाडें होतें. पेरणाऱ्यानें मुठींतून त्यांत दाणे सोडावयाचे; तीन भोकांखालीं तीन पोकळ नळ्या, आणि त्यांतून दाणे तीन फणांमागें तासांत उतरावयाचे. आजोबांनीं मूठभर ज्वारी घेतली व बोटें किंचित् हालवीत ते दाणे सोडूं लागले. तिन्ही भोकांतून सारखी धार पडूं लागली. मुलांनीं करून पाहिलें, तर कोणाची मूठ एकदम रिती झाली, कोणाची अडकून बसली. आजोबा हंसून म्हणाले, "लेकरा, मूठ सैल झाली त पेरनं बिघडलं, अन् आवळली त तास रिकामा गेला."

मुलांनीं त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले व त्यांचीं उत्तरें एका कागदावर लिहून घेतलीं. पुढल्या मृगापूर्वीं आजोबा वारले. चाडें त्या घरानें शाळेस दिलें आणि तो कागद त्याच्यापाशीं ठेवला आहे. आम्ही तें पाहतों तेव्हां वाटतें, कीं ते त्या दिवशीं आले नसते तर आमच्या चिठ्ठीवर फार तर "लांकडी पात्र, तीन भोकें" एवढेंच लिहिलेलें राहिलें असतें. वस्तु उरली असती; ती चालविणारी मूठ कायमची गेली असती.

म्हणून पालकवर्गास आमची आग्रहाची विनंती आहे. जातें, मोट, चरकी, मापें हीं भंगारांत जाण्यापूर्वीं एकदां मुलांच्या हातीं द्या. आणि वस्तूबरोबर ती वापरलेलें माणूसहि शाळेंत पाठवा. आजीबाईंनीं जात्यावर बसून एक पायली दळून दाखविलें तर तो एका तासाचा उत्तम पाठ होईल. वस्तु आणखी पन्नास वर्षें टिकेल; माणसाचा भरंवसा कोणीं द्यावा?

कांहीं पालक विचारतील, परीक्षेंत याचे गुण किती? प्रश्न रास्त आहे. पाण्याच्या बश्या किंवा चाडें प्रश्नपत्रिकेंत येणार नाहींत. परंतु "कशावरून?" हा प्रश्न ज्या मुलाच्या जिभेवर बसला, तें पुढें गणितांत रीत विचारील, इतिहासांत पुरावा विचारील, आणि मोठेपणीं बाजारांत व सभेंत कोणाच्याहि बोलण्यानें सहजासहजीं फसणार नाहीं. हा लाभ लहान नव्हे.

विद्यार्थिमित्रांस दोन सूचना करून हा लेख पुरा करतों. नदीकांठच्या गारगोट्या, गळून पडलेलीं पिसें, वाळलेलीं बोंडें खुशाल गोळा करा. परंतु किल्ल्यांतून, लेण्यांतून, देवळांतून किंवा राखलेल्या जंगलांतून कांहींहि उचलूं नका. जमिनींत पुरलेलें धन सांपडलें तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें तें सरकारास कळवावें लागतें. तें लपविणें गुन्हा आहे. आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती कोठें, केव्हां व कोणाकडून मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवा. चिठ्ठी नसलेली वस्तु कांहीं दिवसांनीं नुसती अडगळ होऊन बसते.

येत्या सुटींत आपण अजब बंगल्यांत जाल, रामन विज्ञान केंद्रांत जाल, निदान स्वतःच्या घराच्या माळ्यावर तरी जाल. परत आल्यावर काय पाहिलें म्हणून आम्ही विचारूं, तेव्हां एकाच वस्तूविषयीं सांगा. पण ती कशाची, कोणाची, कोठें झिजलेली, आणि हें सारें तुम्ही कशावरून म्हणतां, तेंहि सांगा.